म्हशींची फळी विद्यापीठात

अहो पावणं, जरा दमानं! बुटाचा चिखल तिकडं झटका आणि मग पाय ठेवा. दचकू नका, मी फळी बोलतेय. म्हशी टेम्पोत चढवायची फळी. सहा फूट लांब, तीन फूट रुंद, तीन पाट लोखंडी पट्टीनं जोडलेले. सध्या मुक्काम एका विद्यापीठात, संख्याशास्त्र विभागाच्या दारात. म्हशींकडून संख्याशास्त्राकडं कशी आले, ते सांगते. कोणतं विद्यापीठ, ते मात्र विचारू नका. कोल्हापूरच्या आसपास आहे, नवं आहे, नाव लांबलचक आहे आणि बोर्डावरचे निम्मे दिवे लागत नाहीत, एवढं पुरे.

माझा जन्म कोडोलीचा. जांभळाचं झाड होते मी. उंची इतकी, की पन्हाळ्यावरच्या बायका कुरडया वाळत घालायला माझ्या शेंड्यावर यायच्या. हसताय? कोडोलीत जाऊन विचारा. फक्त माझ्या ओळखीच्याच माणसाला विचारा. एका वळवाच्या वादळात मी आडवी झाले आणि वखारीत गेले. तिथं मला चिरताना करवतीचे अकरा दात पडले. वखारवाला दोनच पडले म्हणतो, पण वखारवाल्यांचं काय खरं असतं?

मला विकत घेतलं भूपाल अण्णांनी. कळंब्याच्या अलीकडं त्यांचा गोठा. सात म्हशी. सकाळी म्हशी टेम्पोत घालून शहरातल्या दूध कट्ट्यावर न्यायच्या. तिथं गिऱ्हाईक ग्लास घेऊन समोर उभं राहणार, त्याच्यादेखत धार काढायची आणि फेसासकट दूध त्यानं उभ्या उभ्या पिऊन मिशी पुसायची, असा रिवाज. म्हशींना टेम्पोत चढवायचं आणि उतरवायचं काम माझं. खूर घसरू नयेत म्हणून अण्णांनी माझ्या अंगावर हातभर अंतरानं आडव्या पट्ट्या ठोकल्या होत्या. म्हशींतली राणी नावाची म्हैस चढायला लागली की रंकाळ्यात लाटा उठायच्या. मी मात्र कधी कुरकुरले नाही. कुरकुरले असेन तर एकदाच, तेही उन्हाळ्यात, लाकूड सुकलं म्हणून.

मग अण्णांचे गुडघे गेले, म्हशी विकल्या गेल्या आणि मी गोठ्यामागं भिंतीला टेकून उभी राहिले. कोंबड्या अंगावर बसायच्या. एके काळी राणीचं वजन पेललेलं अंग आणि आता कोंबड्या! पण निवृत्तीत असंच असतं. अण्णा आत खाटेवर बसून तेच म्हणायचे.

अण्णांची मुलगी दीपा विद्यापीठात शिकवते. तिच्याकडं शिकवण्याशिवाय आणखी एक काम दिलेलं होतं, दिव्यांग विद्यार्थी कक्षाची प्रमुख. प्रमुखही तीच, कारकूनही तीच आणि कागद घेऊन पळणारी शिपाईही तीच. कक्ष म्हणजे जिन्याखालचं एक कपाट आणि एक खुर्ची. खुर्चीवर पाहुणा बसला की प्रमुखांनी उभं राहायचं. हे काम घेऊन तिला जेमतेम वर्ष झालं होतं.

एका रविवारी ती गोठ्यामागं आली. मला खालून वरून बघितलं, कोंबड्या हुसकल्या आणि हाक मारली, "अण्णा, ही फळी मी नेऊ का?"

"कशाला गं अक्का? म्हैस घेतलीस व्हय?"

"विद्यापीठात पाहिजे."

अण्णा खाटेवर उठून बसले. "विद्यापीठात आता म्हशी बी घ्यालेत?"

दीपा मॅडम हसल्या नाहीत. एका पोरीसाठी पाहिजे म्हणाल्या. अण्णांनी मग जास्त विचारलं नाही. फक्त टेम्पोवाल्याला म्हणाले, "नीट ने. लई इमानी फळी हाय."

तर ती पोरगी म्हणजे सलमा. कुरुंदवाडची. वडील करीमभाई तिथं सुतारकाम करतात. लहानपणापासून तिच्या पायांत जोर नाही, चाकाच्या खुर्चीवर फिरते. हातांत मात्र असा जोर, की सपाट जमिनीवर तिच्याशी शर्यत लावणाऱ्यानं आधी घरी विचारून यावं. एम.एस्सी.चं दुसरं वर्ष, संख्याशास्त्र.

आणि संख्याशास्त्राच्या दारात तीन पायऱ्या. ही इमारत दोन हजार एकोणीसच्या पुरानंतर बांधलेली. पाण्याचा धसका सगळ्यांनीच घेतलेला, म्हणून जोतं दीड फूट उचललं. पाणी आत येऊ नये, याची सोय चोख झाली. माणूस आत कसं येणार, हे विचारायचं राहून गेलं.

मी येण्याआधी सलमाला रोज चार पोरं उचलून वर न्यायची. पोरं वाईट नव्हती हो! तालमीतली, दंड फुगलेली, मदतीला एका पायावर तयार. कोल्हापूरच्या माणसाला मदत करू नको म्हणणं म्हणजे जेवू नको म्हणण्यासारखं. "उचला रं!" म्हणत खुर्ची हवेत. मध्येच एखाद्याचा फोन वाजला की खुर्ची एका बाजूला कलंडायची. एकदा तास संपल्यावर पोरं मॅच बघायला पळाली आणि सलमा दीड तास व्हरांड्यात बसून राहिली. पाणी पीत नव्हती ती दिवसभर, का ते तुम्हीच समजा.

"दादांनो, तुमचे उपकार हायत," ती एकदा म्हणाली, "पण गॅसचं सिलिंडर चढवल्यागत चढवताय की मला! सिलिंडरला तरी महिन्यातनं एकदाच उचलत्यात."

तिला काय पाहिजे होतं, ते तिनं दीपा मॅडमना एका वाक्यात सांगितलं होतं. "मॅडम, मला माझ्या हातानं आत जायचंय." एवढंच. पक्क्या उताराची, म्हणजे रॅम्पची, फाईल मॅडमनी कधीच केली होती. ती बांधकामाचे अधीक्षक हंबीरराव यांच्याकडं गेली होती. हंबीरराव म्हणजे मोठा आवाज, मोठं पोट आणि त्याहून मोठ्या मिशा.

"फाईल गेलीया की मॅडम!"

"कुठं?"

"वर."

"वर म्हणजे कुणाकडं?"

"आता वर म्हंजे वर, मॅडम. तुमी शिकलेली माणसं, आमी काय सांगायचं?"

म्हणून मी आले. पहिल्या दिवशी सगळा विभाग मला बघायला जमला. विभागाच्या शिपाई शालूबाईंनी मला वास घेऊन बघितलं. "शेणाचा वास येतोय की गं बाय!" म्हणाल्या आणि चार बादल्या पाणी ओतून मला अशी घासली, की माझा रंग मला पहिल्यांदाच कळला.

सलमा माझ्यासमोर येऊन थांबली. मला वाटलं, आता कौतुक करणार. ती बघत राहिली आणि म्हणाली, "मॅडम, फळी झ्याक हाय. पण चढ एकास चार पडतोय. दीड फूट उंची, सहा फूट लांबी. एकट्यानं चढायचं तर एकास बारा पाहिजे. म्हंजे अठरा फूट."

सात म्हशींनी मला आयुष्यात कधी मोजलं नव्हतं. या पोरीनं पहिल्या भेटीत मोजून नापास केलं.

पण आणखी बारा फूट फळी कुठून आणणार? तोवर शालूबाई मागून ढकलणार, असं ठरलं. चार पोरांच्या जागी एक मावशी, सलमाला तेवढी प्रगतीही बरी वाटली. शालूबाई पदर खोचून जोर लावायच्या, सलमा चाकं फिरवायची आणि आम्ही तिघी मिळून वर. माझ्या आडव्या पट्ट्यांवरून जाताना मात्र खुर्ची ठाक ठाक उडायची.

"शालूमावशी, दात पडतील की माझे!"

"पडू देत. माझे पडल्यात तर काय अडलंय?"

माझ्या येण्यानं आणखी एकाची सोय झाली, तीही कुणी न ठरवता. मुजम्मिल. याच इमारतीत शेजारच्या वर्गात एम.ए. मराठी करतो, डोळ्यांनी दिसत नाही. पूर्वी त्याला दार सापडायला वेळ लागायचा. आता त्याची काठी माझ्यावर पडली की ढब् असा आवाज होतो, फरशीचा टक् वेगळा. दहा पावलांवरून दुसऱ्या कुणाचं पाऊल माझ्यावर पडलं तरी त्याला दिशा कळते. सलमा वर चढताना तो खालून ओरडायचा, "कोण चाललंय रं? बैलगाडी हाय काय?"

"व्हय. जुपू काय तुला?"

"मला दिसत न्हाई गं, बैलगाडी खड्ड्यात घालीन!"

असे दिवस मजेत चालले होते. श्रावणात शालूबाईंनी पहारीनं माझ्या आडव्या पट्ट्या काढून टाकल्या. पोरीचे दात वाचावेत म्हणून. अंग गुळगुळीत झालं, खुर्ची सुरकन जायला लागली. पट्ट्या कशासाठी ठोकल्या होत्या, हे कुणाच्या ध्यानात नव्हतं. मी ओरडून सांगितलं असतं, पण लाकडाचं ओरडणं माणसांना छप्पर पडतानाच ऐकू येतं.

मग आली खंडेनवमी. अवजारांच्या पूजेचा दिवस. आत संगणकांना झेंडूचे हार, कपाटाला हळदकुंकू, झेरॉक्स मशीनला नारळ. शालूबाई कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "ह्या मशिनी निम्म्या बंद हायत, त्यांस्नी हार! आन जी फळी पोरीला रोज वर न्हेती, तिला काय न्हाईच?" त्यांच्या माहेरी नांगराला आणि जुवाला खंडेनवमीला तेल पाजायची रीत. झालं! घरून आणलेलं अर्धा लिटर करडईचं तेल त्यांनी माझ्या अंगात मायेनं जिरवलं. कुंकू लावलं, नारळ फोडला. खरं सांगते, इतका मान मला जन्मात मिळाला नव्हता. माझ्या अंगाला आरशासारखी चकाकी आली. कळंब्याच्या तुरुंगातले कैदी त्या उजेडात पत्ते खेळायचे, असं म्हणतात.

दसऱ्यानंतरच्या पहिल्या दिवशी सलमा आली. शालूबाईंनी पदर खोचला. दोघी चार फूट वर गेल्या आणि माझ्यावरून शालूबाईंची चप्पल सटकली.

पुढचं सांगायला मला लाज वाटते. खुर्ची उलट्या दिशेनं खाली आली. शालूबाई खाली बसल्या, त्यांच्या मांडीवर खुर्ची, आणि खुर्चीतून सलमा फरशीवर. शालूबाई सलमाचं डोकं, हात, पाय चाचपत मोठ्यानं रडायला लागल्या. "म्या मारली गं तुला! त्येल लावून मारली!" सलमा मनगट दाबून धरत म्हणाली, "मावशी, जिती हाय मी. आधी माझ्या ओढणीवरनं उठा."

मनगट लचकलं होतं. हंबीररावांनी स्वतःच्या गाडीतून तिला दवाखान्यात नेलं, एक्सरे काढून होईपर्यंत बाहेर उभे राहिले आणि परत आल्यावर माझ्याकडं बोट दाखवून म्हणाले, "हिला आत टाका. कुलूप लावा."

"अहो, चूक तेलाची होती," दीपा मॅडम म्हणाल्या.

"मॅडम, आज मनगट. उद्या मान मोडली तर? तिच्या बापाला तोंड कोण दावणार, तेल का मी?"

माणूस भ्यालेला होता. भ्यालेला माणूस पहिल्यांदा कुलूप शोधतो.

मला टाकलं व्हरांड्याशेजारच्या स्टोअरात. मोडकी बाकं, जुने फलक, रंग उडालेली कमान. एका कोपऱ्यात न फोडल्यासारखा दिसणारा मोठा खोका. तो खोका बोलायला फार सभ्य. "नमस्कार. मी ब्रेल लिपीचा प्रिंटर. चार वर्षांपूर्वी आलो. उद्घाटन झालं, फीत कापली, फोटो निघाला. मी एक पान छापलं. नंतर कागद कुठला लागतो, हे कुणाला माहीत नव्हतं, म्हणून पुन्हा खोक्यात."

"काय होतं त्या पानावर?"

"पाहुण्यांचं स्वागत. ते वाचता येणारं मात्र त्या समारंभात कुणी नव्हतं."

आणि त्याच भिंतीपलीकडून मुजम्मिल रोज काठी आपटत जायचा. त्याची बहीण घरी पुस्तकं मोठ्यानं वाचून फोनवर भरून द्यायची आणि तो ती ऐकून अभ्यास करायचा. दोघांत नऊ इंचांची भिंत, आणि दोघांनाही एकमेकांचा पत्ता नाही.

स्टोअरच्या खिडकीची काच फुटलेली होती, म्हणून मला बाहेरचं सगळं दिसायचं. सलमा रोज यायची. वर्गाच्या खिडकीखाली लिंबाच्या सावलीत खुर्ची लावून तास ऐकायची. फळ्यावर काय लिहिलंय, ते आतून कुणीतरी फोटो काढून पाठवायचं. पोरं म्हणायची, "चल की, उचलतो." ती म्हणायची, "आता न्हाई." एका सरांनी सुचवलं, घरी बसूनच शिक, हजेरीचं आपण बघू. तिनं विचारलं, "सर, घरी बसून शिकायचं तर कुरुंदवाडनं इथवर कशाला आले?"

दीपा मॅडम हंबीररावांकडं किती वेळा गेल्या, मी मोजलं नाही. एकदाचं संभाषण स्टोअरच्या दारातच झालं.

"फळी द्या."

"कुठली फळी?"

"तुम्ही कुलुपात घातलेली."

"ती रजिस्टरला न्हाई, मॅडम."

"म्हणजे?"

"रजिस्टरला न्हाई म्हंजे स्टोअरात न्हाई. आन जी वस्तू स्टोअरात न्हाई, ती भाईर कशी काढू?"

हे ऐकून मी स्वतःला चाचपून बघितलं. होते हो मी!

आता मुद्द्याची गोष्ट. नोव्हेंबरात विभागाच्या हॉलमध्ये सलमाचा सेमिनार होता. वीस मिनिटं बोलायचं, बाहेरचे परीक्षक प्रश्न विचारणार. त्या दिवशी गैरहजर, तर सत्र गेलं, आणि सत्र गेलं तर वर्ष. शिष्यवृत्तीही त्यावरच. परीक्षक सांगलीचे, विजयसिंह सर. उंच, वाळके, घड्याळाकडं बघायची सवय.

सकाळी साडेदहा वाजता सलमा पायऱ्यांपाशी आली, मनगटाला पट्टा, मांडीवर लॅपटॉप. तालमीतली चारही पोरं बाह्या सरसावून तयार. "सलमा, आजच्या दिवस ऐक. वर्ष जाईल की!"

"हात लावायचा न्हाई."

आतून कारकुनानं नावं पुकारली. पहिलंच नाव तिचं. विभागप्रमुख दारात आले. "सलमा, अगं उचलून घे ना आजच्या दिवस. गैरहजर लागेल."

तेव्हा सलमा जे बोलली, ते मी फुटक्या काचेतून ऐकलं आणि माझ्या अंगातलं उरलंसुरलं तेलही आटलं.

"सर, मी हजर हाय. साडेधापासनं हजर हाय. हॉल गैरहजर हाय. त्याला खाली बोलवा."

तेवढ्यात विजयसिंह सर बाहेर आले. काय चाललंय म्हणून त्यांनी विचारलं. दीपा मॅडमनी सगळं सांगितलं, तेल, मनगट, फळी, रजिस्टर, काही ठेवलं नाही. सरांनी घड्याळ बघितलं. मला वाटलं, गेलं वर्ष.

"बाकी किती विद्यार्थी आहेत?" ते म्हणाले.

"अकरा."

"मग त्यांचे आधी घेतो. हिचं नाव शेवटी. तेवढ्या वेळात हॉलला हजर करायचं काम तुमचं." आणि आत निघून गेले.

इकडं लिंबाखालून एक माणूस उठला. करीमभाई. पहाटेच कुरुंदवाडहून शेजाऱ्याच्या पिकअपमध्ये दोन फळ्या, लाकडी टेकू आणि हत्यारांची पिशवी घेऊन आले होते. कुणाला काही न बोलता बसून होते. हंबीररावांपुढं येऊन त्यांनी हात जोडले नाहीत, फक्त टोपी सारखी केली. "सायेब, माझ्या दोन फळ्या तयार हायत. सहा सहा फुटांच्या. तुमच्याकडची तेवढी मिळाली तर अठरा फूट व्हत्यात. तासाभरात जोडतो."

हंबीरराव मिशी ओढत राहिले. "आन पडली तर?"

सलमानं वहीचं पान पुढं केलं. "हिशेब केलाय, काका. वजनाचा, चढाचा, टेकूंचा."

"मला त्यातलं काय कळत न्हाई."

"मग माझ्या आब्बांचं काम बघा. ते तरी कळंल."

हंबीररावांनी खिशातून किल्ली काढली. किती वेळ ती किल्ली हातात धरून उभे होते, काय सांगू! तेवढ्या वेळात पंचगंगा एकदा आटून पुन्हा भरली असती. मग कुलूप उघडलं.

मला बाहेर काढताना मदतीला आत आलेल्या मुजम्मिलची काठी त्या खोक्यावर पडली. "हे काय हाय? खोका वाटतोय. मॅडम, वाचा की." दीपा मॅडमनी धूळ पुसून वाचलं आणि तिथंच खाली बसल्या. मुजम्मिल म्हणाला, "चार वर्सं? माझी बहीण वाचून वाचून घसा बसवून घेतीया, आन हा हितं झोपा काढालाय?"

करीमभाईंनी माझ्यावर रंधा धरला. भीतीनं मी शहारले, पण खोटं का बोलू, गुदगुल्याही झाल्या. तेलकट पापुद्रा निघून गेला. जुन्या टायरचं रबर त्यांनी माझ्या अंगावर ताणून ठोकलं, मग टेकू, मग कडेला चार बोटं उंचीची पट्टी, चाक बाहेर जाऊ नये म्हणून. शालूबाई खिळे पुरवत होत्या आणि तेलाची बाटली दिसली तर सांगा म्हणून सगळ्यांना दम देत होत्या.

आत अकरावा सेमिनार चालू होता. सलमा खुर्ची फिरवून सरळ झाली.

"थांब!" हंबीरराव गरजले. "आधी मी बसणार."

"काका?"

"पोरी, तू उतर. मी बसणार. माझं वजन पेललं तर तुझं पेललं."

सलमा बाकावर सरकली. हंबीरराव त्या खुर्चीत मावले, हे त्या दिवसाचं पहिलं आश्चर्य. चाकांना हात घातला, जोर लावला, चार फूट वर आले. आणखी चार फूट. मिशांवरून घाम ठिबकायला लागला. खरंच सांगते, राणी म्हैस त्यांच्यापुढं काहीच नाही. मधोमध आल्यावर त्यांचा दम संपला. चाकं धरून ते तसेच थांबले, तोंड लालबुंद.

आणि व्हायचं तेच झालं. चारही पोरं धावली. "धरा रं सायबाला! ढकला!"

"ए! हात लावायचा न्हाई!" हंबीरराव ओरडले. असे ओरडले, की आतला सेमिनार थांबला.

ओरडून झाल्यावर त्यांनी खाली सलमाकडं बघितलं. ती हसली नाही. ते पुढं बघायला लागले, दोन मिनिटं श्वास घेतला आणि मग एकेक हात टाकत, शिव्या पुटपुटत वर पोचले. वर गेल्यावर कुणाशीही न बोलता खुर्ची आपल्या हातानं खाली आणून दिली.

"जा पोरी," म्हणाले. "मधे जरा थांबून घे. थांबलं की बरं पडतंय."

मग सलमा निघाली. करीमभाईंच्या पहिल्या फळीवरून दुसऱ्या फळीवर. लचकलेलं मनगट जपत, उजव्या हातावर जास्त भार देत. मधोमध ती थांबली. एक पोरगं पुढं झुकलं, तशी शालूबाईंनी त्याची कॉलर धरली. सगळं विद्यापीठ हात खिशात घालून उभं. मदत न करणं कोल्हापूरच्या माणसाला किती जड जातं, ते त्या दिवशी मी बघितलं. एकाच्या तर डोळ्यांत पाणी आलं.

शेवटचे सहा फूट माझे होते. ती माझ्यावर आली. हलकी होती हो, सात म्हशी आणि एक हंबीरराव पेललेल्या मला काहीच नव्हतं. तरी इतकं जपून मी जन्मात कुणाचा भार उचलला नाही. चाकं उंबऱ्यावरून आत गेली तेव्हा मागं कुणाचाही हात नव्हता.

आतून विजयसिंह सरांचा आवाज आला, "या. तुमचाच नंबर आहे."

सेमिनार बरा झाला. एक आलेख उलटा लागला होता आणि एका प्रश्नाला ती अडखळली, हेही सांगायला पाहिजे. पास झाली, तेवढं पुरे. करीमभाई बाहेर लिंबाखाली हत्यारं पिशवीत भरत होते. एकच पटाशी तीन वेळा पुसली त्यांनी.

त्याला आता तीन महिने झाले. माझ्या कुशीवर पांढऱ्या रंगात रजिस्टरचा नंबर आलाय. म्हणजे सरकारदरबारी मी जन्मले. प्रिंटरला कागद मिळाला. मुजम्मिलच्या अभ्यासाची पहिली कादंबरी छापायला त्यानं सहा दिवस घेतले आणि तीन वेळा कागद खाल्ला, पण छापली. उताराची फाईल हंबीरराव आता स्वतः काखेत घेऊन फिरतात, टेबलाटेबलावर आपटतात. हलली आहे म्हणे. मी आजवर बऱ्याच थापा मारल्या, पण हे म्हणणं त्यांचं आहे, माझं नाही.

येणारे जाणारे माझा फोटो काढतात. "वा, काय जुगाड आहे!" म्हणतात. एका पाहुण्यांनी तर माझ्यावर भाषणच केलं. पावणं, माझं कौतुक नका करू. कौतुक झालं की माणसांना वाटतं, काम झालं. मी लाकूड आहे. एक पावसाळा काढीन, दुसऱ्यात कुजेन. या विद्यापीठात आणखी सात दारं आहेत, त्यांना पायऱ्या आहेत आणि फळ्या नाहीत. ग्रंथालयाला तर बारा पायऱ्या. सलमा अजून आत गेलेली नाही, पुस्तकांची यादी कुणाच्या तरी हातात देते आणि मिळेल ते वाचते.

तिची परीक्षा एप्रिलात आहे. तोवर मी टिकते, शब्द देते. पण जूनमध्ये नवी पोरं येतील. त्यांतली कुणी चाकावर येईल, कुणी कुबडीवर, कुणी काठीवर. तेव्हा मी इथं दिसले, तर समजा की अजून कुणी काही केलेलं नाही, आणि त्यांना जाऊन जाब विचारा. दिसले नाही, तर माझी चौकशी करत बसू नका. पक्क्या उतारावरून सरळ आत जा.